हातातोंडाची गाठ

आधीच हात जोडून सांगते, माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानं देते, आणि अक्षर असं की आमचा किराणावाला माझी यादी मलाच वाचून दाखवायला लावतो. तेव्हा लागेल तेवढं वाचावं, बाकीचं सोडून द्यावं. पण एक ओळ मी ठासून लिहिते, ती कुणी खोडू नये: माझ्या विहीणबाईंइतकं तिखट खाणारं माणूस लासूर स्टेशनपासून आमच्या शहरापर्यंत दुसरं झालेलं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या एकुलत्या एका लेकीच्या सासूबाई. लासूरच्या मोंढ्यात मिरचीची पोती उतरली की व्यापारी आधी त्यांना बोलावणं धाडायचे, असं माझ्या जावयानं मला अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं. विहीणबाई जायच्या, देठ मोडायच्या, मिरचीचं टोक दातानं तोडायच्या आणि "ही पाव्हण्यांची" किंवा "ही घरची" एवढंच बोलून माघारी यायच्या. पाव्हण्यांची म्हणजे फिकी. घरची मिरची काय असते ते मी त्यांच्याकडं एकदाच चाखलं. त्यानंतर थोडा वेळ मला कानांनी काही ऐकू येत नव्हतं.

लग्नात विहिणीची पंगत म्हणजे आमच्याकडं मोठं प्रकरण. वरमाईला पाटावर बसवायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची, उदबत्ती लावायची आणि आग्रह करकरून गोड वाढायचं. मी जन्माची मुखदुर्बळ, त्यात मुलीची आई. तरी मी जिलबी वाढली. विहीणबाईंनी कमरेचा बटवा सोडला. मला वाटलं, सुपारी काढतायत. निघाली पितळेची डबी आणि डबीत हिरवागार ठेचा. जिलबीचा एक वेढा मोडून त्यांनी तो ठेच्यात बुडवला, तोंडात टाकला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवो विहीणबाई, नुसतं गोड गिळाया मी काय आजारी हाय का?" मांडव हसला. मी पदर ओढून स्वयंपाकघरात पळाले, ते पंगत उठेपर्यंत बाहेर आले नाही.

जसं खाणं तसं बोलणं. नावं ठेवल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. माझ्या घरच्या पाण्यालाही त्यांनी एकदा "जरा आळणी लागतंय" म्हटलं होतं. मी येसराचा मसाला घालून आमटी केली, तर दोन वाट्या पिऊन म्हणाल्या, "झालीय झकास, फकस्त ह्यात आमटी टाकायची राहिली बगा." यात वाईट हेतू काही नसायचा. ज्या घरात त्यांनी काही खोट काढली नाही त्या घरावर त्यांची मर्जी नाही, असं लासूरचे लोक समजत. एका गोष्टीत मात्र त्यांना कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. लहान लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालावं तर त्यांनीच. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या नडग्यांवर पालथी पडून मोठी झालेली. त्यातला एक पुढं पोलीस झाला. तो गाडीवरून जाताना दिसला की विहीणबाई हाक मारून सांगायच्या, "ए साहेब, तुजं नाक म्या वडून सरळ केलंय, ध्यानात ठिव."

माझ्या लेकीला दिवस राहिले आणि त्याच सुमाराला विहीणबाईंना सांधेवातानं धरलं. बोटांची पेरं बोरांसारखी सुजली. सकाळी उठल्यावर मुठी उघडायच्या नाहीत, लुगड्याच्या निऱ्या धरवायच्या नाहीत. बाकी सगळं त्यांनी सोसलं असतं, पण नातवंड यायचं आणि त्याला न्हाऊ दुसऱ्या कुणी घालायचं, हे त्यांना सोसवेना. मोठा डॉक्टर शहरात. आमचं शहर तेव्हा औरंगाबादच होतं. जावयाची बजाजनगरला एकच खोली आणि कंपनीत पाळ्या, लेक बाळंतपणासाठी माझ्याकडं आलेली. त्यामुळं विहीणबाई औषधपाण्यासाठी सिडकोत आमच्या घरी राहायला आल्या. विहिणीनं विहिणीच्या घरी मुक्काम ठोकायचा म्हणजे लोकांना फुकटचा तमाशा. म्हणून त्या येतानाच ज्वारीचं पोतं घेऊन उतरल्या. रिक्षावाल्याच्या डोक्यावर पोतं आणि मागं विहीणबाई. दारातूनच म्हणाल्या, "ज्वारी माजी, तवा तुमचा. आता कुनी काय बोलायचं नाय."

डॉक्टरांनी गोळी दिली ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. वार तुम्हीच ठरवा आणि तो चुकवू नका, म्हणाले. बाकीच्या दिवशी रोज एक बारकी गोळी. औषध वर्षानुवर्षं चालणार, आणि मधूनमधून रक्त तपासायचं. विहीणबाईंनी शनिवार ठरवला. हातात ताकद आणायची तर मारुतीशिवाय कुणाचं काम नाही, असा त्यांचा हिशोब. शनिवारी सकाळी अंघोळ करून, गोळी देवापुढं ठेवून, हात जोडून मग त्या ती घ्यायच्या. बारक्या गोळीचा असा काही थाट नव्हता. ती आपली चहाबरोबर, चालता चालता.

दोनेक महिन्यांत मुठी उघडायला लागल्या. रोज सकाळी त्या मला उठवून दाखवायच्या, "बगा, मिटली. बगा, उघडली." एकदा तर शेजारणीच्या दारात जाऊन तिलाही मूठ दाखवून आल्या. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं भांडायलाच आल्या. उशीला पायावर घेऊन न्हाऊ घालायचा सरावही सुरू झाला. माझ्या चांगल्या उशीचा कापूस त्यात गोळा झाला तो झालाच.

आणि मग एके दिवशी मी आमटी वाढली आणि त्यांनी काही खोट काढली नाही. मला आधी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही काढली नाही, तेव्हा धास्ती वाटली. तिसऱ्या दिवशी त्या आमटीत बोट बुडवून, ते बोट नुसतं ताटाच्या कडेला पुसताना दिसल्या. मी विचारलं, "काही दुखतंय का?" त्या मानेनंच नाही म्हणाल्या. माझ्या लेकीनं त्यांना उजेडात नेऊन आ करायला लावला. जिभेच्या कडा सोललेल्या, गालांच्या आतून पांढरे चट्टे, ओठाच्या आत फोड. लेक बाहेर आली. मी म्हटलं, "काय गं?" ती म्हणाली, "आत्याबाईंना तोंड आलंय." जराशानं तीच हळूच म्हणाली, "पण आई, त्यांचं तोंड गेलं कधी होतं?" आतून आवाज आला, "ऐकू येतंय मला. तोंड आलंय, कान न्हाई गेलं."

त्यानंतर घरात उपायांचा बाजार भरला. शेजारच्या खालांनी ओंजळभर जाईची पानं आणून दिली, "अम्मा, ये चबाव, दो दिन में छाले गायब." विहीणबाईंनी ती चावली, मग कच्ची तोंडली चावली, गुलकंद खाल्ला, साजूक तूप लावलं, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. तुरटीनं त्यांचं तोंड असं काही आवळलं की अर्धा दिवस त्या खुणांनी बोलत होत्या. माझ्या घरात इतकी शांतता मी पूर्वी अनुभवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती मला सोसली नाही.

मग त्यांनी एकेक पदार्थ चौकशीला उभा केला. पाटावर बसायचं, समोर एकच वाटी, बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावायचं आणि निकाल द्यायचा. जणू सोयरीक बघायला बसल्यात. "टमाटा वरून लाल, आतून इंचू. त्याला दारात उभा करू नगा." "लिंबाशी आपलं बोलणं बंद." दही दोन दिवस सरळ वागलं आणि तिसऱ्या दिवशी आंबट होऊन उलटलं. ताकावर त्यांचा जन्माचा भरोसा, त्यानंही दगा दिला. वांग्याला नुसतं मीठ घालून दिलं तरी जीभ खाजायची. भाकरीचा कडक पापुद्रा तर सुरीसारखा लागायचा. इतकी वर्षं ज्या बाईनं मिरचीला घाबरवलं तिला आता भाकरी कापत होती. चहा गार करून प्यायच्या आणि पिताना माझ्याकडं असं बघायच्या जसं काही तो मीच गार केलाय. चौकशीतून सुटले ते चारपाचच: गार दूध, पिकलेलं केळं, तूप घालून मऊ भात, बिनमसाल्याचा उकडलेला भोपळा, आणि ज्वारीच्या कण्या शिजवून दुधात कालवलेल्या. कण्यांची पहिली वाटी मी पुढं ठेवली, तेव्हा त्यांनी चमचा त्यात उभा करून पाहिला. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "ह्ये खायाचं हाय का भितीला लिंपायचं?"

तोंड का आलं, याचाही त्यांनी छडा लावला. तोंड येतं ते उष्णतेनं, हे तर मलाही माहीत होतं. तेव्हा दोन गोळ्यांपैकी एक उष्ण असणार. शनिवारच्या गोळीनं मुठी उघडल्या होत्या. ती मारुतीसमोर ठेवलेली, ती असं करणार नाही. म्हणजे गुन्हेगार बारकी. "दिसाया बारीक, पन अंगात आग हाय तिच्या," असं म्हणून त्यांनी बारक्या गोळीला घराबाहेर काढलं. मला ते इतकं पटलं की ती पुडी मीच उचलून माळ्यावर ठेवली. तोंड काही बरं झालं नाही. आणखी चिघळलं. आता पाणी पितानाही त्यांचे डोळे भरून यायचे. रात्रीचं जेवण त्या भिंतीकडं तोंड करून करायच्या, म्हणजे आम्हाला दिसू नये. कमरेचं लुगडं सैल झालं. आपल्यात गरिबाला म्हणतात, हातातोंडाची गाठ पडत नाही. विहीणबाईंच्या घरी ज्वारीची पोती होती आणि तरी ती गाठ पडेना. हात चालायचे तर तोंड चालत नव्हतं, आणि तोंडासाठी शनिवारची गोळी सोडावी तर हात पुन्हा मिटणार. त्यांनी मनाशी हाताच्या बाजूनं कौल दिला होता. लेकीचे दिवस भरत आले होते.

रक्त तपासून डॉक्टरांकडं जायचा दिवस आला. रिक्षातून जाताना त्यांनी माझा दंड धरला. बोटं चांगलीच रुतली, हात खरंच सुधारले होते. म्हणाल्या, "तिथं तोंडाचं तोंड उघडायचं नाय. त्यो गोळी बंद करील. तुम्हाला नातवाची आन हाय." मी एरवीही कुठं बोलते?

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी बोटं दाबून पाहिली. विहीणबाईंनी मूठ मिटली, उघडली, परत मिटली, आणि ओठ घट्ट मिटून हसल्या. "छान," डॉक्टर म्हणाले. "तोंडात काही फोड, जेवताना त्रास?" विहीणबाईंनी मान हलवली. नाही. डॉक्टर कागदावर लिहायला लागले. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघत होते. त्या चित्रातल्या माणसाला नुसतेच दात होते, ओठ नव्हते, आणि त्याच्याकडं बघता बघता माझ्या तोंडून निघालं, "आहे." डॉक्टरांनी वर पाहिलं. मला घाम फुटला. "तोंड आलंय. पाणी गिळवत नाही. लई दिवस झाले." परक्या पुरुषासमोर मी सलग इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. विहीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

डॉक्टरांनी आ करायला लावलं, बॅटरी मारली, आणि विचारलं, बारकी गोळी घेता ना? मग तीही गोष्ट निघाली. ते रागावले नाहीत, पण खुर्ची पुढं ओढून बसले. शनिवारची गोळी तोंडाला त्रास देते, रक्तालाही देऊ शकते, म्हणून तर बारकी दिलेली, ती तोंड सांभाळायला असते, असं त्यांनी समजावलं. रक्तही जरा कमी झालं होतं. तोंड भरून येईपर्यंत शनिवारची गोळी बंद. मग पुन्हा थोडी कमी करून सुरू करू, आणि बारकी सोडायची नाही.

येताना रिक्षात त्या एका कडेला आणि मी दुसऱ्या कडेला. घरी येऊन त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. लेकीला सांगायच्या, "तुज्या आईला म्हनावं, मीठ दे." मी लेकीच्या हाती मीठ द्यायची. तोंड हळूहळू भरत होतं आणि बोटं सकाळी पुन्हा आखडायला लागली होती. तेवढ्यात लेक बाळंत झाली. मुलगी झाली. विहीणबाईंनी दोन्ही हात पुढं केले, आणि लेकरू घ्यायच्या आधीच ते मागं घेतले. "तुमीच घ्या," म्हणाल्या. बोलणं टाकल्यापासून माझ्याशी त्या एवढंच बोलल्या.

पहिलं न्हाऊ मी घातलं. विहीणबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसून बघत होत्या. माझे हात कसे चालत होते ते मलाच माहीत. लेकरू निसटेल म्हणून मी त्याला इतकं हळू धरलं होतं की शेवटी त्यांना राहवेना. "अवो विहीणबाई, लेकरू हाय ते. कोथमीर न्हाई धुयाची." मग सूचनांचा पाऊस. टाळूवर तेल असं, पाय असा ओढा, नाक धरा, अवो नाक, कान कशाला धरताय! मी धुतलं ते, पण न्हाऊ त्यांनीच घातलं म्हणायचं, तोंडानं.

पुढं तोंड बरं झालं आणि डॉक्टरांनी शनिवार पुन्हा सुरू केला. मारुतीपुढं गोळी गेली. बारकीला मात्र त्या हात लावेनात. डॉक्टर सांगतो ते खरं असंल, पण आग ती आगच, असं चाललं होतं. मी माळ्यावरनं पुडी काढली आणि त्यांच्या वाटीजवळ ठेवली. म्हटलं, "तुमच्या सुनेला आम्ही सासरी धाडली तेव्हा बरोबर कोण होतं?" त्या म्हणाल्या, "तुमची नणंद. पाठराखीण. चार दिवस नुसती बशीभर चिवडा खात बसली." मी म्हटलं, "नवरी एकटी धाडतात का कुणी? ही गोळी पाठराखीण आहे. शनिवारची एकटी आत गेली की बिथरते." विहीणबाईंनी बारकी गोळी तळहातावर घेतली. उलटी केली, सुलटी केली. "पाठराखीन व्हय," त्या म्हणाल्या. "मंग आदी सांगायचं की! म्या पाठराखिनीला दारातनं हाकलली." आणि त्या दिवसापासून बारकी गोळी घेताना त्या तिला "या बाई" म्हणायच्या.

नातीला तिसरा महिना लागला तेव्हा एका सकाळी मी पाणी तापवून मोरीत आले, तर त्या आधीच पाय लांब करून बसलेल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत सावरलेलं, शेजारी तेलाची वाटी. त्यांनी हात पुढं केले. मी लेकरू दिलं. बोटं अजून थोडी वाकडी होती, पण ती वाकडी बोटं त्या पोरीच्या पाठीवरून अशी फिरली की पोरगी रडायची विसरली. नाक ओढलं, कपाळ दाबलं, पाठीवर पाण्याची धार सोडली. मी पंचा घेऊन उभी होते. मला करण्यासारखं काही नव्हतं आणि पाहण्यासारखं पुष्कळ होतं.

तिखट मात्र परत आलं नाही. गोळी चालू, तोवर तोंड नाजूकच राहणार. शिळं दही खाल्लं, कुणाच्या आग्रहानं लोणच्याची फोड चाटली, की दोन दिवस गार दूध. मोंढ्यातले व्यापारी आता बोलावत नाहीत. पोरीचं उष्टावण लासूरला केलं. मऊ भात, दूध, चिमूटभर साखर, चांदीची वाटी. भरवायचा मान मामाचा, पण माझ्या लेकीला भाऊ नाही, म्हणून विहीणबाईंनी मला पुढं केलं. मी घास भरवला, पोरीनं तो अर्धा बाहेर काढला, अर्धा गिळला. पाहुण्यांची पंगत बसली होती, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. विहीणबाई पंगतीला बसल्या नाहीत. त्या पोरीजवळ पाटावर बसल्या, तिच्या वाटीतला उरलेला भात स्वतःच्या ताटलीत ओढला आणि म्हणाल्या, "आमा दोघींची पंगत येगळी. दात नसलेल्यांची." आणि एक घास तिला, एक आपल्याला, असं जेवल्या.

बरेच दिवस ती पंगत चालली. लेक जावयाच्या खोलीवर परतली, तशा विहीणबाई लासूरहून अधूनमधून बजाजनगरला येत, आणि नात व त्या एका ताटात मऊ भात खात. मग पोरीला दात आले. मग ती वरणाकडं गेली, मग आमटीकडं. परवा मी तिथं होते. पोरगी शाळेतून आली, भाकरीवर आईनं केलेला ठेचा घेतला आणि हाशहुश करत, नाकातोंडातून पाणी गाळत, "अजून दे" म्हणाली. विहीणबाई समोर बसून तिच्याकडं बघत होत्या. हातातला भात कालवायचा थांबला होता. "आई गं, ही घरची मिरची खाती," एवढंच त्या म्हणाल्या. मग मान खाली घालून त्यांनी भातावर आणखी थोडं दूध ओतलं आणि एकट्याच जेवायला लागल्या.